पासवर्ड कोणाचा, ते आधी सांगा

आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कित्येक वर्षं एक एक्सेल फाइल होती. तिचं नाव 'क्लायंट पासवर्ड फायनल नवीन २'. नुसती 'फायनल' आणि नुसती 'नवीन' या तिच्या थोरल्या बहिणी आधी होऊन गेल्या होत्या, हे सांगायला नकोच. आत सहा रकाने होते: नाव, पॅन, आयकर पोर्टलचा पासवर्ड, जीएसटीचा युजर आयडी, जीएसटीचा पासवर्ड, आणि शेवटचा, सगळ्यांत कामाचा रकाना म्हणजे 'ओटीपी कोणाकडे येतो'. त्या रकान्यात कुठे 'स्वतः', कुठे 'मुलगा, पुणे', कुठे 'मुनीमजी', आणि एका ओळीत 'जावई (दुपारी झोपतात, ४ नंतर)'.

मी नागपुरात इतवारीच्या अंगाला कर सल्लागाराचं काम करते. आमच्या धंद्यात ही फाइल नवलाची नाही. जुलै महिन्यात कुठल्याही कर सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन बघा, अशी एक फाइल किंवा लाल पुठ्ठ्याची डायरी सापडेलच. अर्ध्या लोकांचे पासवर्ड आम्हीच बनवलेले असतात, म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं, ॲट आणि एक-दोन-तीन. लोहाओळीतल्या एका जुन्या दुकानदारांना मी एकदा म्हटलं, "काका, पासवर्ड बदला आणि तुमच्याजवळच ठेवा. मला सांगूसुद्धा नका." ते म्हणाले, "ताई, मी कायले लक्षात ठेवू जी? तुमच्याकडंच राहू द्या. माह्याजवळ राहिला तं हरपलाच समजा."

पासवर्ड कुठे ठेवावेत यावरची जी चर्चा आजकाल ऐकू येते, तिच्यात या काकांसारखी माणसं नसतात. चर्चा असते चोराची. हॅकर काय करेल, परदेशी कंपनी काय करेल, सरकार काय मागेल. काकांना चोराची भीती नाही, हरवण्याची आहे. आणि त्यांच्या स्वतःच्या पासवर्डापुरतं बोलायचं तर ती भीती अगदी योग्य जागी आहे, असं माझं मत झालं आहे. माझ्या फाइलीपुरतं बोलायचं तर मात्र ती चुकीच्या जागी आहे. हा फरक मला कळायला एक पूर यावा लागला.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पासवर्ड मॅनेजर म्हणजे कुलूपबंद पेटी. सगळे पासवर्ड आत, आणि पेटीला एकच किल्ली, म्हणजे मास्टर पासवर्ड, तो तुमच्या डोक्यात. ऑफलाइन प्रकारात ही पेटी तुमच्याच कॉम्प्युटरवरची एक फाइल असते. डॉमिनिक राइशल या जर्मन प्रोग्रॅमरनं २००३ मध्ये काढलेला कीपास हा त्यातला सर्वांत ओळखीचा. त्याच जातीचा कीपासएक्ससी मी वापरते. क्लाउड प्रकारात, म्हणजे बिटवॉर्डन किंवा वनपासवर्डसारख्या सेवांत, पेटीची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तुमच्या फोनवर, लॅपटॉपवर आपोआप उतरते. चांगल्या सेवेत पेटी तुमच्या फोनवरच बंद होते आणि बंद अवस्थेतच वर जाते. कंपनीकडे पेटी असते, किल्ली नसते. बँकेच्या लॉकरशी लोक याची तुलना करतात, ती मला अर्धीच पटते. लॉकर उघडायला बँकेची किल्ली आणि आपली किल्ली अशा दोन लागतात, आणि आपली हरवली तर पैसे भरून लॉकर फोडून मिळतो. इथे किल्ली हरवली की विषय संपला. फोडून द्यायला कोणी येत नाही.

मी पक्की ऑफलाइनवाली होते. स्वतःची फाइल, स्वतःचा लॅपटॉप, वर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर एक प्रत. क्लाउड वापरणाऱ्या मैत्रिणींना मी थोड्या तोऱ्यातच सांगायची, की बाई, क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर. हे वाक्य तेव्हा मला फार शहाणपणाचं वाटायचं.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना वेगळी सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. मोरभवनच्या स्टँडवर एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. आमचं घर त्याच पट्ट्यात, तळमजल्यावर. झोपेतून उठून पाय खाली टाकला तो पाण्यात. सासूबाईंना वरच्या मजल्यावर नेलं, गॅस सिलिंडर तरंगू लागला होता तो बांधला, आणि लॅपटॉपची आठवण झाली तेव्हा तो टेबलाच्या खालच्या कप्प्यात होता, म्हणजे पाण्याखाली. हार्ड डिस्क दिवाणाच्या खणात होती. दिवाण काय, लॅपटॉप काय, एकाच खोलीत, एकाच उंचीवर. मी 'दोन प्रती' म्हणत होते त्या पाण्याच्या हिशेबानं एकच होत्या.

फोनमध्ये फाइलीची एक जुनी प्रत निघाली, १४ महिन्यांपूर्वीची. म्हणजे त्या १४ महिन्यांत जे खातं उघडलं, जो पासवर्ड बदलला, तो गेला. तुम्ही म्हणाल, मग 'फरगॉट पासवर्ड' दाबायचं. दाबलं. बहुतेक ठिकाणी जमलंही. पण एका गुंतवणुकीच्या खात्याला जुना ईमेल जोडलेला होता, त्या ईमेलचा पासवर्ड फाइलीत होता, आणि त्याचे आणीबाणीचे कोडही त्याच फाइलीत होते. त्या एका साखळीसाठी मला फॉर्म, स्वसाक्षांकित प्रती, फोटो आणि चार चकरा असं करत डिसेंबर उजाडला. घरातला चिखल आठवड्यात निघाला होता.

तेव्हा मला उमगलं ते असं. ऑफलाइन हे साधन कमी आणि काम जास्त आहे. दर आठवड्याला प्रत काढायची, ती दुसऱ्या इमारतीत ठेवायची, फोनवर नवी फाइल चढवायची, दोन ठिकाणी बदल झाले तर जुळवायचे. हे काम जो करतो त्याच्यासाठी ऑफलाइन उत्तम आहे. मी करत नव्हते, आणि मी माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांपेक्षा शिस्तीची आहे. बाकीचे काय करतात ते सांगू? कीपासची फाइल गूगल ड्राइव्हवर टाकतात आणि स्वतःला ऑफलाइन म्हणवतात. त्यात वाईट काही नाही, फाइल कुलूपबंदच असते. पण मग ती क्लाउडच झाली की. फरक इतकाच, की तिथे दोन फोनवरून बदल झाले तर कुठली प्रत खरी हे शोधणं तुमच्या गळ्यात.

आता चोराकडे वळू, कारण त्याला उगाच लहान दाखवायचं नाही.

२०२२ मध्ये लास्टपास या मोठ्या क्लाउड सेवेत जे घडलं ते क्लाउडच्या बाजूनं बोलणाऱ्यानं लपवू नये. ऑगस्टमध्ये कंपनीनं सांगितलं, की एका डेव्हलपरच्या खात्यातून चोर आत आला आणि काही सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, गेला, ग्राहकांचं काही गेलं नाही. डिसेंबरमध्ये कळलं, की ग्राहकांच्या पेट्यांच्या बॅकअप प्रतीच गेल्या आहेत. नंतर आणखी कळलं, की चोरानं एका वरिष्ठ इंजिनियरच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून, त्याची टाइप केलेली अक्षरं टिपून, तिथून कंपनीच्या बॅकअपपर्यंत वाट काढली. पेट्या बंद होत्या हे खरं. पण पेटीच्या बाहेर काय लिहिलं होतं? कुठल्या कुठल्या वेबसाइटवर तुमचं खातं आहे, ते पत्ते उघडेच साठवलेले होते. चोराला आतलं दिसलं नाही तरी तुमची बँक कोणती हे दिसलं. खोटा ईमेल लिहायला तेवढं पुरतं.

त्याहून खोल चूक वेगळीच होती. मास्टर पासवर्ड टाकल्यावर त्यावर हजारो-लाखो वेळा गणिताच्या फेऱ्या मारून खरी किल्ली तयार होते. फेऱ्या जितक्या जास्त, तितका चोराला प्रत्येक अंदाज महाग. लास्टपासच्या नव्या खात्यांत या फेऱ्या एक लाखावर होत्या. जुन्या खात्यांत त्या ५,००० वरच राहून गेल्या होत्या, काहींत तर एकच. कंपनीनं नव्यांसाठी नियम बदलला आणि जुन्यांना जुन्यातच सोडलं. मला हे वाचताना आपल्याकडच्या सोसायट्या आठवल्या, नव्या विंगेला सीसीटीव्ही आणि जुन्या विंगेला तोच पेंगुळलेला चौकीदार.

ऑफलाइनवाले या घटनेचं नाव काढून जिंकल्यासारखं बोलतात. त्यांनी २०२३ ही आठवावं. त्या वर्षी कीपासच्या मूळ विंडोज आवृत्तीत असा दोष सापडला, की कॉम्प्युटरच्या मेमरीची प्रत हाती आली तर मास्टर पासवर्ड जवळजवळ अख्खा वाचता येत होता, पहिलं अक्षर सोडून. जूनमध्ये २.५४ आवृत्ती आली आणि दोष गेला. ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांचा गेला, असं म्हणायला हवं. ऑफलाइन सॉफ्टवेअर जिथे ठेवाल तिथे शांत बसून राहतं, अपडेट करायची आठवण तुमची तुम्हालाच. २०२५ मध्ये तर भेसळ केलेला कीपास सर्च इंजिनवरच्या जाहिरातींतून आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटवरून पसरवला गेल्याचं उघड झालं. पेटी तुमच्या घरात, पण सुतार कोण होता?

म्हणजे दोन्हीकडे चोरी होते. मग तराजू कसा लावायचा? माझं म्हणणं एवढंच आहे, की पेटी कुठे आहे हे विचारण्याआधी आतले पासवर्ड कोणाचे आहेत ते विचारा.

स्वतःचे आणि घरच्यांचे असतील तर हिशेब असा. मास्टर पासवर्ड दणकट असेल, तर पेटी चोरीला गेली तरी ती फोडणं चोराला परवडत नाही. बँकेत, ईमेलला ओटीपीसारखा दुसरा टप्पा आहेच. उलट पेटी हरवली तर नुकसान लगेच आणि नक्की. ते मी चिखलात उभं राहून पाहिलं आहे. तेव्हा घरासाठी क्लाउड. ज्याची कंपनीकडे किल्ली नाही असा, शक्यतो ज्याचा कोड जगाला तपासायला खुला आहे असा, आणि ज्यातून आपली यादी हवी तेव्हा बाहेर काढता येते असा. २०१६ पासून चालू असलेल्या बिटवॉर्डनमध्ये हे तिन्ही आहे, आणि एका माणसाला तो फुकट पुरतो. मी घरी तोच ठेवला आहे. उद्या त्यांनी काही घोळ घातला तर बाड उचलून दुसरीकडे जाईन, निष्ठा वगैरे काही नाही.

क्रोममध्ये आपोआप साठणारे पासवर्ड हाही क्लाउडच, आणि काहीच न वापरण्यापेक्षा तो शंभर पटीनं बरा. पण तिथे आधीपासूनची जी मांडणी असते तिच्यात किल्लीही गूगलच सांभाळतं, ती स्वतःकडे घ्यायची सोय सेटिंगमध्ये शोधून चालू करावी लागते. शिवाय फोनचा पिन माहीत असला की सगळं उघडतं. आपल्या घरांत फोनचा पिन कोणाला माहीत नसतो? आमच्याकडे माझा पिन माझ्या भाच्याला माझ्यापेक्षा लवकर आठवतो.

दणकट मास्टर पासवर्ड म्हणजे काय, यावर थोडं थांबते, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. 'जयगजानन१२३' नव्हे. शिवरायांचं नाव आणि १६३० नव्हे. जे तुम्हाला सुचतं ते तुमच्यासारख्या लाखोंना सुचलेलं असतं. चांगला उपाय फाशाचा आहे. ७,७७६ शब्दांची एक छापील यादी मिळते, प्रत्येक शब्दापुढे पाच आकडी क्रमांक. लुडोचा फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या आकड्यांचा शब्द घ्यायचा. असे चार शब्द घेतले तर सुमारे ३,६०० लाख कोटी जोड्या होतात, आणि पुढचा प्रत्येक शब्द तो आकडा ७,७७६ पटीनं वाढवतो. मी आणि मुलीनं एका रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पाच शब्द काढले. त्यातल्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ मला आजही माहीत नाही, स्पेलिंग मात्र झोपेत विचारा.

आता ऑफिसची फाइल. इथे माझा निकाल उलटा आहे, आणि यावर माझे दोन सहव्यवसायी माझ्याशी अजून भांडतात.

ऑफिसच्या फाइलीतले पासवर्ड माझे नाहीत. सुमारे १८० माणसांचे आहेत. मी फाइल हरवली तर काय होईल? प्रत्येक जण आधारच्या ओटीपीवरून आयकर पोर्टलचा पासवर्ड नवा करू शकतो. मला दोन आठवडे फोन करत बसावं लागेल, जावई उठायची वाट बघावी लागेल, माझी फजिती होईल. संपलं. पण फाइल फुटली तर? एकाच वेळी १८० जणांचं उत्पन्न, बँक खात्याचे क्रमांक, पत्ते, कोणी किती कर्ज काढलं, कोणाच्या नावावर किती एफडी, सगळं एका ताटात. आणि त्यांतल्या एकानंही मला सांगितलेलं नाही, की ताई, आमचे पासवर्ड अमुक कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा. हरवण्याचा खर्च माझा आहे, फुटण्याचा त्यांचा. जिथे धोका दुसऱ्याच्या माथी आहे तिथे सोय बघण्याचा अधिकार मला नाही. म्हणून ऑफिसची फाइल कीपासएक्ससीमध्ये, ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर, कुठल्याही ड्राइव्हशी न जोडलेली. किल्लीचा अर्धा भाग पासवर्ड, अर्धा एका पेन ड्राइव्हवरची की-फाइल, जी माझ्या पर्समध्ये असते. बंद फाइलीची प्रत दर शनिवारी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन घरी. घर आता पहिल्या मजल्यावर आहे.

भांडणारे सहव्यवसायी जे म्हणतात तेही नोंदवते, कारण त्यात तथ्य आहे. क्लाउडच्या व्यावसायिक सेवेत कोणी कुठला पासवर्ड केव्हा उघडला याची नोंद राहते, आणि नोकरी सोडणाऱ्या मुलीचा प्रवेश एका बटणात बंद होतो. माझ्या फाइलीला अशी स्मरणशक्ती नाही. कोणी तिची प्रत काढून नेली आणि तेव्हाचा मास्टर पासवर्ड त्याला ठाऊक असला, तर मी नंतर पासवर्ड बदलून काही उपयोग नाही, त्याच्याकडची जुनी पेटी जुन्या किल्लीनं उघडतच राहणार. पाच-दहा माणसांच्या फर्मनं यावर गंभीरपणे विचार करावा आणि कदाचित क्लाउडकडे जावं, पण क्लायंटला सांगून, त्याची लेखी संमती घेऊन. आमच्याकडे आम्ही तिघीच आहोत. पेन ड्राइव्ह माझ्याकडे, आणि मी नसले तर फाइल उघडत नाही. त्यामुळे माझ्या आजारपणात कामं अडतात. अडू देत.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला तेव्हा आमच्या लोकांना वाटलं, हे गूगल-फेसबुकसाठी आहे. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही, की इतवारीतल्या जिना चढून जाव्या लागणाऱ्या ऑफिसला तो लागू नाही. एवढा दंड आमच्यावर बसणार नाही हे उघड आहे. पण 'क्लायंट पासवर्ड फायनल नवीन २' ही फाइल 'वाजवी सुरक्षा' होती असं मी कुठल्या तोंडानं सांगितलं असतं?

खरं तर ही फाइल असायलाच नको. आणि इथे मला दोष एकट्या दुकानदारांना किंवा एकट्या आम्हाला द्यायचा नाही. जीएसटीच्या पोर्टलवर करदात्याला आपला प्रॅक्टिशनर, म्हणजे आपलं काम बघणारा सल्लागार, नेमता येतो, मग प्रॅक्टिशनर स्वतःच्या लॉगिननं काम करतो. आयकर पोर्टलवरही दुसऱ्याला आपल्या वतीनं काम करायला अधिकृत करण्याची सोय आहे. कायद्यानं मार्ग काढून ठेवला आहे. पण तो मेनूच्या आत, त्याच्या आत, त्याच्याही आत आहे, आणि प्रत्येक पायरीवर करदात्याच्या फोनवर ओटीपी. पासवर्ड फोनवर सांगायला दहा सेकंद लागतात. सरळ वाट काटेरी ठेवायची आणि चोरवाट डांबरी, मग लोक चोरवाटेनं जातात म्हणून सूचनाफलक लावायचे, हा आपल्या यंत्रणांचा जुना शिरस्ता आहे. नोंदणीच्या पहिल्याच पानावर 'तुमचं काम कोण बघतं?' एवढा एक प्रश्न टाकला आणि तिथेच नेमणूक उरकून घेतली, तर शहरातल्या अशा कितीतरी फायली आपोआप रिकाम्या होतील.

बँकांचं तर आणखीच. त्यांच्या सूचना सांगतात, पासवर्ड कुठे लिहून ठेवू नका, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, दर काही महिन्यांनी बदला. तिन्ही एकदम पाळून दाखवणारा माणूस मला भेटायचा आहे. माझं एक खातं अशा ठिकाणी आहे, जिथे पासवर्डाच्या चौकटीत पेस्ट करता येत नाही. म्हणजे पासवर्ड मॅनेजरनं बनवलेला वीस अक्षरी पासवर्ड मी चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर टाइप करायचा. असं केल्यावर माणूस काय करतो? छोटा पासवर्ड ठेवतो आणि मुदत संपली की शेवटच्या १ चा २ करतो. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं, की ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तर लावा, आणि पेस्ट करू द्या. आपल्याकडे हे पोचायला अजून किती पूर यायचे आहेत, माहीत नाही. जोवर सरकारी आणि बँकेच्या साइटी पासवर्ड मॅनेजरला दारात अडवतात, तोवर ऑफलाइन की क्लाउड हा वाद मूठभर हौशी लोकांचा. बाकीचे डायरीवाले.

डायरीची मी टिंगल करत नाही, हे सांगून टाकते. घरातल्या कपाटातल्या डायरीपर्यंत रशियातला हॅकर पोचू शकत नाही. सत्तरीच्या माणसाला दोन बँका आणि एक ईमेल एवढंच सांभाळायचं असेल, तर डायरी पुरे. फक्त ती फोनच्या कव्हरात घडी घालून ठेवू नये. (आमच्या ऑफिसात एका गृहस्थांचा एटीएमचा पिन त्याच कार्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला निघाला होता. विचारलं तर म्हणाले, पेन्सिलीनं आहे, खोडता येते.)

एक गोष्ट मात्र डायरीलाही, क्लाउडलाही आणि ऑफलाइनलाही सारखीच लागू आहे, आणि तिच्यावर सगळे घाईघाईनं पुढे जातात. तुम्ही गेल्यावर काय? मागच्या वर्षी आमचे एक क्लायंट अचानक गेले. वहिनी त्यांचा फोन पिशवीत घालून घेऊन आल्या. बँकेचे पैसे नॉमिनी म्हणून मिळणार होते, तिथे पासवर्डाची गरजच नव्हती आणि तो वापरूही नये. अडलं ते वेगळंच. पैसे कुठे कुठे आहेत, हेच घरात कोणाला ठाऊक नव्हतं. स्टेटमेंट ईमेलवर, ईमेल फोनवर, फोन बंद. त्यांनी सगळं फार सुरक्षित ठेवलं होतं. आम्ही जुनी विवरणपत्रं काढून, व्याजाच्या नोंदींवरून एकेक खातं हुडकलं. वहिनी समोरच्या खुर्चीत बसून प्रत्येक नव्या बँकेच्या नावाला "हेही होतं का?" असं म्हणत राहिल्या.

त्यानंतर मी घरी एक कागद केला. त्यावर पाच शब्द, बिटवॉर्डनच्या खात्याचा ईमेल आणि दुसऱ्या टप्प्याचा रिकव्हरी कोड. तो कोड नसेल तर पाच शब्द असूनही दार उघडत नाही, कारण फोन माझ्याबरोबरच बंद झालेला असेल. कागद पाकिटात, पाकीट लॉकरमध्ये, लॉकर दोघांच्या नावावर. पासवर्ड कागदावर लिहिला म्हणून सुरक्षेचे जाणकार नाक मुरडतील, तर मुरडोत. लॉकरपर्यंत जाऊन माझा कागद चोरणाऱ्याला त्या शेजारी सासूबाईंच्या पाटल्या दिसतील, तो माझे पाच शब्द कशाला वाचतो.

गेल्या दिवाळीत दागिने काढायला लॉकर उघडला तेव्हा पाकीट घरी आणलं आणि नवऱ्याला म्हटलं, मी नाही असं समज, उघडून दाखव. मी स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या घेऊन बसले. बाहेरून पहिल्यांदा "चुकीचा" असा आवाज आला, मग दुसऱ्यांदा, मग "अगं, तू नाहीयेस हे मान्य, पण एक विचारू का?" शब्द त्यानं बरोबर वाचले होते. दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडायची की नाही, हे मी लिहिलंच नव्हतं. त्यानं सगळे जोडून टाकले होते, मी सुटे ठेवले होते. त्याच संध्याकाळी कागद नव्यानं लिहिला आणि जिथे जिथे जागा सोडायची तिथे लाल पेनानं छोटे रिकामे चौकोन काढले.